कावळ्याचं काडतूस

राजपालभाऊ पडघानांच्या बंदुकीनं उभ्या जन्मात एक चिमणीसुद्धा पाडली नाही, हे शिरपूरच्या आसपासच्या खेड्यांत पोराटोरांनाही ठाऊक आहे. तरी गावात कुठं चोरीचपाटी झाली, कुणाच्या वावरात रानडुकरं घुसली, की लोक आधी त्यांच्याच दारात येऊन उभे. आता सांगा, हा धाक बंदुकीचा म्हणायचा की माणसाचा? त्यांच्या बायकोला, जमनाबाईला विचारलं तर ती पदर खोचत म्हणेल, "मानसाचा! बंदुकीत काय हाये? लोखंडाची नळी." आणि लगेच आवाज खाली आणून म्हणेल, "पन त्याह्यच्या तोंडावर नका सांगू बापा. फुगून बसतीन."

खरं तर तो फुगणारा माणूसच नव्हे. अकोल्याकडच्या मालेगावात एका बँकेच्या दारात राजपालभाऊंनी नोकरी काढली, मिसरूड फुटलं तेव्हापासून केस पांढरे होईस्तोवर. त्या काळी बँकेला स्वतःची बंदूक असलेलाच पहारेकरी लागायचा. एका म्हाताऱ्या शिपायाची जुनी एकनळी बारा बोअर त्यांनी घेतली, लायसन काढलं, आणि स्टुलावर बसले ते बसलेच. भर मे महिन्यात गळ्यापर्यंत गुंडी लावलेली, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. मॅनेजर आले नि गेले, खुर्च्या बदलल्या, बँकेचा रंग बदलला. राजपालभाऊंच्या कॉलरची गुंडी काही निघाली नाही.

बंदूक पहिल्यांदा घरी आली तो दिवस जमनाबाई विसरणं शक्यच नाही. मुलगा धम्मरत्न तेव्हा पोटात होता. तिनं उंबऱ्यातच वाट अडवली. "आपन या घरात रोज पंचशील म्हनतो. पह्यलंच शील कोनतं? जीव नाही घेनार. अन् तुमी हे कोन्यात उभं करता?"  राजपालभाऊंनी आत जाऊन बुद्धाच्या फोटोसमोर बंदूक आडवी ठेवली, तिच्या दस्त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जमना, येच्यानं कोनाचा जीव जानार नाही. मानसाचा नाही, अन् पाखराचाबी नाही."

"अन् बँक लुटाले आले तं?" हेही तिनंच विचारलं. बाईमाणूस दोन्हीकडून विचार करतं.

"तं आवाज काढीन. आवाजानं मानूस पयते, मरत नाही."

तेव्हा कुठं जमनाबाईचा जीव भांड्यात पडला. मग तिनंच त्या बंदुकीसाठी कव्हर शिवलं. ऑटोरिक्षाचे टप शिवणाऱ्याकडून काळं रेक्झिन आणलं. मशीनची सुई त्या जाड रेक्झिनवर मोडली, म्हणून दाभण घेऊन हातानं टाके घातले. घरात जाड दोरा एकच होता, गादी शिवायचा, तोही लालभडक. काळ्या कव्हरावर तिरप्या लाल टाक्यांची ओळ अशी उठून दिसायची की बँकेतले लोक म्हणायचे, "राजपालभाऊ, बंदूक हाये का नवरी?" ते म्हणायचे, "नवरीनंच शिवलं हाये." आणि गालातल्या गालात हसायचे.

एकदा मात्र कसोटी आली. एक जण दारू पिऊन कुऱ्हाड घेऊन बँकेत शिरला. कुणाशी भांडण होतं, कशाचं होतं, त्याचं त्यालाही धड सांगता येईना. आतली माणसं टेबलाखाली. कॅशियर ओरडतोय, "राजपाल, बंदूक! बंदूक!" आणि या माणसानं काय करावं? बंदूक खांद्यालाच राहू दिली, आपलं स्टूल उचललं आणि त्या कुऱ्हाडवाल्यापुढं मांडलं. "बस गा दादा. ऊन लय हाये. पानी पे पह्यले." तो बसला की हो! पाणी प्याला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला. कुऱ्हाड राजपालभाऊंनी हळूच कपाटामागं सरकवली. जमनाबाईला ही गोष्ट दुसऱ्याच कुणाकडून कळली. घरी आल्यावर ते फक्त एवढंच म्हणाले होते की आज स्टूल जरा हलायला लागलंय.

असा माणूस रिटायर झाला आणि गावी येऊन बसला. लायसन पीकराखणीचं करून घेतलं. रविवारी बंदूक पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा कव्हरात. बाकीचे दिवस अंगणात. तिथं त्यांचे सोबती कोण, तर कावळे! सकाळच्या भाकरीचा पहिला तुकडा कावळ्यांना, खापरात पाणी कावळ्यांना. त्यात एक पायानं अधू होता, त्याचं नाव जमनाबाईनं लंगड्या ठेवलेलं. तो तर थेट उंबऱ्यावर येऊन बोलवायचा. उशीर झाला तर शिव्या दिल्यागत ओरडायचा. "आला तुमचा मॅनेजर," जमनाबाई म्हणायची.

आता इथं सुनेची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्या वावरावरून घडलं. रूपा ही धम्मरत्नची बायको. धम्मरत्न पुण्याला कंपनीत. रूपाही दोन वर्षं तिकडं होती, एका खोलीत संसार आणि दिवसभर कुठल्याशा गोदामात खोकी भरायचं काम. पोरगी वाळून काटकी झाली. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "मले एक साल गावी वावर करू द्या. नाही जमलं तं येतो वापस, मंग कधी नाव नाही काढनार." असं बोलून आली होती बिचारी. तिला उन्हाळी भुईमूग घ्यायचा होता. विहिरीला पाणी होतं. बी घरचंच. अख्खा हिवाळा सासू-सुनेनं अंगणात बसून शेंगा हातानं फोडल्या. दाण्याचं तांबडं साल जरा जरी निघालं तर तो उगवत नाही, म्हणून एकेक दाणा पारखून घेतला. बोटांची सालं निघाली, पण दाण्याचं नाही निघू दिलं.

पेरणीआधी राजपालभाऊ म्हणाले, "पाखरं येतीन. काडतुसं आनून ठेवतो." जमनाबाईला अकोल्याला डोळे दाखवायचे होतेच. रूपाही निघाली, तिघंही एसटीनं गेले.

बंदुकीच्या दुकानाचा मालक म्हातारा होता. चष्म्यावरून बघत त्यानं विचारलं, "काय मारायचंय?"

"मारायचं काई नाही," राजपालभाऊ म्हणाले.

"मग काडतूस कशाला, मुरंब्याला?"

"पाखरं उडवाले. पारवे अन् कावळे. भुईमुगावर येतेत."

त्यानं काचेवर तीन-चार तऱ्हेची काडतुसं मांडली. माणूस तसा बोलका. "हे बघा, नंबर जितका मोठा, छर्रा तितका बारीक. हा आठ नंबर, आत नुसती मोहरी. पारव्यासाठी पूर्वी लोक सहा न्यायचे. आणि कावळ्यासाठी हा चार. कावळ्याचं पीस दाट असतं, बारीक छर्रा त्याला खाजवल्यासारखा वाटतो. आता कायदा कडक झाला, पाखरांसाठी कुणी नेत नाही. नेतात ते डुकरांना हुसकायला."

राजपालभाऊंनी एकेक काडतूस तळहातावर घेतलं, वजन पाहिलं, कानाशी धरून हलवलं. लग्नाला बांगड्या घेतानासुद्धा जमनाबाईनं इतका वेळ लावला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "येच्यात सगळ्यात कमी लागनारं कोनतं?"

म्हातारा हसायलाच लागला. "अहो, इतकी वर्षं दुकान चालवतो. सगळ्यात जास्त लागणारं कोणतं, हे विचारणारे पाहिले. तुम्ही पहिलेच."

"अन् आवाज?"

"आवाज सगळ्यांचा सारखाच."

"मंग आठ नंबर द्या."

रूपानं मागून हळूच म्हटलं, "मामाजी, ते चार नंबरचेबी राहू द्या ना दोनेक. कामी पडतीन." राजपालभाऊंनी जमनाबाईकडं पाहिलं. जमनाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होती. सुनेचं मन मोडायला नको म्हणून त्यांनी तीही दोन घेतली. पण वेगळ्या कागदात बांधून घेतली.

भुईमूग पेरला आणि दोनतीन दिवसांत पाखरांना कुणकुण लागली. आधी पारवे. शिरपूरच्या मंदिराच्या शिखरांवर राहणारे, यात्रेकरूंच्या दाण्यावर पोसलेले, धष्टपुष्ट. राजपालभाऊंनी आठ नंबर घातला, नळी आभाळाकडं केली आणि बार काढला. पारवे असे उठले की बस्स! पुन्हा एक-दोनदा आले, पुन्हा आवाज ऐकला, आणि त्या वावराचा रस्ता सोडला त्यांनी.

कावळ्यांचं मात्र उलटंच. बार झाला की ते धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवर जाऊन बसायचे, मान वाकडी करून खाली बघायचे आणि उतरून पुन्हा कामाला लागायचे. का नाही लागणार? हा बंदूकवाला कोण, तर आपला भाकरवाला! घरचाच माणूस. सगळ्यात पुढं कोण असायचं, तर लंगड्या. राजपालभाऊ बंदूक घेऊन उभे आणि तो त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर कोंब उपसतोय. ओळ धरून चालायचे ते, पंगतीत वाढप्यानं चालावं तसे. माती उकरायची, फुगलेला दाणा काढायचा, पुढं सरकायचं.

रूपानं सगळं करून पाहिलं. फटाके फोडले, चमकपट्ट्या बांधल्या, धम्मरत्नचा जुना शर्ट घालून बुजगावणं उभं केलं. कावळे त्याच्या डोक्यावर बसले. डबा बडवत ती या टोकाला धावली की ते त्या टोकाला. दोन दिवसांत पोरीचा घसा बसला, टाचा फुटल्या. कोंब वर यायला आणखी आठवडा तरी हवा होता. कोंब वर आला, पानं धरली, की कावळ्याला त्यात गोडी नाही. पण तेवढे दिवस निघायचे कसे?

त्यातच पोलीस पाटील रविकांत येऊन सांगून गेला. "भाऊ, निवडनूक लागली. लायसनच्या सगळ्या बंदुका उद्या सांजच्यापर्यंत ठान्यात जमा करा लागते." घ्या! निदान आवाज तरी होता, तोही चालला.

शेजारच्या वावरातला सेवादास तांड्यावरचा, तोंडाचा फटकळ पण मनाचा मोकळा. धुऱ्यावर बिडी ओढत म्हणाला, "राजपालभाऊ, कायले आभायाले भोकं पाडून राह्यले? एक कावळा पाडा अन् काठीले उलटा टांगा. माह्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं. आपल्यातला मेलेला पाह्यला की कावळ्याची जात त्या वावरात पाय ठेवत नाही. एकच पाडा!"

"कायदा हाये सेवादास."

"कोन पाहते अठी? मी तं नाही पाह्यलं बावा." त्यानं डोळ्यांवर हात ठेवून दाखवला. 

त्या संध्याकाळी जमनाबाई चुलीशी गेली तर रूपा पिठात हात घालून नुसतीच बसलेली. "आई," ती बसक्या आवाजात म्हणाली, "तिकडच्या कोन्यातल्या चार वळी साफ गेल्या. दुबार टाकाले बी नाही घरात. मी पुण्याले फोन करतो. जातो वापस." रडली नाही. रडली असती तर बरं, असं जमनाबाईला झालं. तिला ती पुण्याहून आलेली काटकी पोरगी आठवली.

सकाळी चहा देताना तिनं नवऱ्याकडं न बघता म्हटलं, "एक मारा."

राजपालभाऊंचा कप ओठाशीच थांबला.

"आयकलं का? एकच. पोरीसाठी. म्या सोडलं तुमाले तुमच्या शब्दातून."

"मनातून?" त्यांनी विचारलं.

जमनाबाई खोटं बोलायला शिकलीच नव्हती. "मनातून नाही," ती म्हणाली. "पन सोडलं."

ते उठले. कपाटातून काडतुसांचा डबा काढला, पलंगावर बसून उघडला. आठ नंबरची काडतुसं त्यांनी एकेक करून बाजूला ठेवली. मग कागदाची ती वेगळी पुडी सोडली आणि एक काडतूस खिशात टाकलं. चार नंबर. जमनाबाई दारातून बघत होती. अकोल्याच्या म्हाताऱ्याचं बोलणं तिच्या कानात जसंच्या तसं वाजलं. कावळ्याचं काडतूस!  म्हणजे ठरलं यांचं. त्यांनी कव्हरासकट बंदूक खांद्याला लावली, रूपाला हाक मारली आणि निघाले. बँकेत जायचे तेव्हापासून जमनाबाई रोज त्यांना दारापर्यंत सोडायला यायची. आज नाही आली.

तिचा जीव कशात लागेना. गोधडीला ठिगळ लावावं म्हणून डबा काढला, तर कातर जागेवर नाही. "या रूपीनं कुठी ठेवली बाप्पा," म्हणत तिनं घर पालथं घातलं. नाद सोडला. अंगणात खापरात पाणी भरलं. एक कावळा फिरकला नाही, लंगड्यासुद्धा नाही. सगळे वावरात असणार. भाकरीचा तुकडा खापराशेजारी तसाच पडून राहिला.

ऊन चांगलं वर आलं आणि बार झाला. एकच.

आणि त्यानंतर असा कालवा उठला, असा कालवा! गावभरचे कावळे त्या दिशेला ओरडत उडाले. जमनाबाई अंगणाच्या कडेला आली. तेवढ्यात रस्त्यानं बेबीताई धावत आली, सेवादासची बायको, डोक्यावरचा भारा सावरत. "वहिनी! पाडला वं! भाऊजीनं कावळा पाडला, पह्यल्याच बारात! रूपानं उलटा धरून दाखोला समद्या कावळ्याह्यले. चाल पाहाले!"

काय बघायला जायचं? तोंड माझं आणि हात त्यांचा, जमनाबाईच्या मनात आलं. इतकी वर्षं तो माणूस बंदूक खांद्याला लावून हिंडला, कुऱ्हाडीपुढंही तिला हात लावला नाही, आणि आज चहाच्या कपासोबत मी त्याचं शील मोडून दिलं. तिला स्वतःचीच चीड आली. पण घरात बसवेना. चपला घालून ती निघाली. त्यांना आता एकटं सोडायचं नाही, एवढंच तिला कळत होतं.

धुऱ्यावर सेवादास भेटला, बत्तीशी दाखवत. "मानलं बावा राजपालभाऊले! आमी सारा जनम उगीच हासलो. काय नेम हाये मानसाचा!" जमनाबाई तशीच पुढं निघाली. नवऱ्याचं कौतुक ऐकून वाईट वाटावं, असा प्रसंग तिच्यावर कधी आला नव्हता.

वावराच्या मधोमध बांबू उभा केलेला. त्याला उलटं टांगलेलं काळं काहीतरी. एक पंख खाली लोंबत होता आणि त्या पंखावरून लाल ओघळ. वर आभाळात कावळे घिरट्या घालत ओरडत होते; उतरत एकही नव्हता. राजपालभाऊ विहिरीच्या कठड्याशी पाठमोरे बसलेले, मांडीवर उघडी बंदूक. रूपा त्यांच्याजवळ. जमनाबाईनं दोघांनाही हाक मारली नाही. ती सरळ बांबूकडं चालली, ओळींवर पाय पडू न देता. लंगड्या आहे का, एवढं तिला बघायचं होतं. आपल्या सांगण्यानं गेलेला जीव, निदान डोळ्यांनी बघावा तरी.

जवळ गेली. पंखाला भोकंच भोकं. तिनं डोळे मिटले, उघडले. रक्ताचा वास काही येईना. वास येत होता तो ओळखीचा, दर रविवारी घरात भरून राहणारा, बंदुकीच्या तेलाचा.

तिनं हात लांब केला. लाल ओघळ बोटाला लागला नाही. तो दोरा होता. गादीचा लाल दोरा, सुटून लोंबणारा. तिरपा टाका, जाड, एक टाका मोठा आणि एक लहान, कारण दाभण ओढता ओढता पोटातलं पोर लाथ मारायचं. बाई आपल्या हातचा टाका ओळखणार नाही होय?

"अवो धम्मूचे बाबा!" ती अशी ओरडली की वरचे कावळे आणखी दूर गेले. "कव्हर फाडलं? माह्या हातचं कव्हर फाडलं?" आणि बोलता बोलता ती हसायलाही लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहायला लागलं. दोन्ही आवरेना.

राजपालभाऊ उठून आले, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून. हातात कातर. रूपाला तर हसून हसून उभं राहवेना. सकाळपासून दोघांनी विहिरीआड बसून कावळा बनवला होता. कव्हराचं रेक्झिन कापून पंख केले, पोटात गवत, आत तार, चोचीला कोळसा. मग पलीकडच्या बाभळीच्या एका वाळक्या, पातळ डहाळीला तो बांधला. मागं टेकाड, माणसांची ये-जा नाही. खरे कावळे ओळीत उतरून खायला लागले की मग बार.

"ते समदं समजलं," जमनाबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "पन चार नंबर काहून घेतला? माह्या जिवाचं पानी पानी केलं ना!"

"आठ नंबरानं ते रेक्झिन हालतबी नाही वं. डहाळी तुटून कावळा खाली पडला पाह्यजे, त्याह्यच्या डोयापुढं. त्याले जाड छर्राच लागते."  "कावळ्याचं काडतूस होतं, कावळ्यालेच मारलं."

"पन म्या तं तुमाले सोडलं होतं शब्दातून. एक मारला असता तं मी काई बोलली नसती."

"मनातून नाही म्हनली ना तू," राजपालभाऊ म्हणाले. "मंग कसा मारू?"

  जमनाबाईनं त्यांच्या हातातली कातर काढून घेतली आणि कमरेला खोचली.

त्याच संध्याकाळी बंदूक उघडीच ठाण्यात जमा झाली. कव्हर कुठंय म्हणून तिथल्या शिपायानं विचारलं, तर राजपालभाऊ म्हणाले, "वावर राखून राह्यलं." इकडं बेबीताईनं जवळून पाहिलं आणि गोष्ट फुटली. सेवादास तर धुऱ्यावर लोळायचाच बाकी राहिला. "रेक्झिनचा कावळा मारला! हाये का कुठी असा शिकारी!" गावानं महिनाभर ही मजा चघळली आणि राजपालभाऊंनी प्रत्येक वेळी सगळ्यांबरोबर हसून घेतलं. कावळे मात्र फसले ते फसलेच. कोंब वर आले, पानं धरली, ओळी हिरव्या झाल्या. कोपऱ्यातल्या चार ओळी तेवढ्या मोकळ्या राहिल्या, तिथं रूपानं भेंडी लावली. पुण्याला फोन तिनं केला, पण तो भुईमुगाला फुलं लागली हे धम्मरत्नला सांगायला.

लंगड्या पुष्कळ दिवस रुसला होता. भाकर टाकली तरी लांबच्या भिंतीवरून बघायचा आणि निघून जायचा. राजपालभाऊ रोज तुकडा टाकून, पाठ करून बसायचे. एका सकाळी मागं खुडबुड झाली. त्यांनी वळून पाहिलं नाही. फक्त घरात हाक दिली, "जमना, मॅनेजर आला वं."

जमनाबाई तेव्हा ओसरीत मांडी घालून बसली होती. निवडणूक संपली होती, बंदूक परत यायची होती, आणि मालेगावहून आणलेलं नवं काळं रेक्झिन तिच्या मांडीवर होतं. या वेळी दुकानातून तिनं काळा जाड दोरा आठवणीनं आणला होता. तो डब्यात तसाच ठेवून तिनं दाभणात लाल ओवला.